आफ्रिकी समाजांतली गुलामगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "गोऱ्यांनी तिथली माणसं पळवून नेली." दुसरं, "त्यांच्याच लोकांनी त्यांना विकलं." दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही वाक्यं प्रश्न तिथेच मिटवून टाकतात. या पानावरचे प्रश्न मुख्यतः आफ्रिकेच्या आत काय चाललं होतं याबद्दल आहेत: गुलाम कोण होई, कसा होई, त्याच्या मुलाबाळांचं काय होई आणि ही व्यवस्था मोडली कशी. आफ्रिका हा एवढा मोठा खंड आहे की "आफ्रिकेत असं होतं" हे वाक्य क्वचितच खरं ठरतं. म्हणून शक्य तिथे राज्याचं किंवा गावाचं नाव घेतलं आहे.

युरोपीय येण्याआधी आफ्रिकेत गुलामगिरी होती का?

होती. सगळीकडे नव्हती, आणि सगळीकडे सारखीही नव्हती.

प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये सहारा ओलांडून माली साम्राज्यात गेला. वाटेत त्याला तघाझा हे गाव लागलं. तिथे झाड नाही, गवत नाही. घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छत. गावात राहत होते ते फक्त मसूफा टोळीचे गुलाम. त्यांचं काम जमिनीतून मिठाच्या लाद्या खोदून काढण्याचं. खायला दुरून आलेला खजूर, उंटाचं मांस आणि दक्षिणेकडून येणारं भरड धान्य. परतीच्या वाटेवर तो ज्या काफिल्याबरोबर आला त्यात सहाशे गुलाम बायका होत्या. पोर्तुगीज जहाजं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं अवकाश होता.

त्याच काळात राजा नसलेले, गावातल्या जाणत्यांच्या विचाराने चालणारे कितीतरी छोटे समाजही होते. तिथे गुलाम अगदी थोडे असत किंवा नसतच. पुढे मोठ्या राज्यांच्या धाडी सगळ्यांत जास्त पडल्या त्या याच समाजांवर.

ही प्रथा इतक्या ठिकाणी का रुजली?

बऱ्याच भागांत जमीन मुबलक होती आणि माणसं कमी. सरदाराचा जाच झाला तर शेतकरी कुटुंब उठून दुसरीकडे रान साफ करू शकत होतं. नुसती जमीन ताब्यात असून सत्ता मिळत नसे, माणसं ताब्यात असावी लागत. बायका, मुलं, जावई, आश्रित, बंदिवान, जितकी माणसं हाताशी तितका माणूस मोठा. यांतली बाकी सगळी माणसं रुसून माहेरी किंवा भाऊबंदांकडे जाऊ शकत. बंदिवानाला जायला जागा नसे. त्याच्या बाजूने बोलायला, त्याला सोडवायला, त्याच्या खुनाचा जाब विचारायला मागे कोणीच नसे. माझ्या मते आफ्रिकेतल्या गुलामगिरीचा गाभा इथे आहे. काम काय करावं लागे, मार किती बसे, हे त्यानंतरचं.

माणूस गुलाम व्हायचा कसा?

सर्वांत जास्त लढाईत आणि धाडीत. त्याखालोखाल अपहरण, दुष्काळात पोटासाठी विकलं जाणं, कर्ज, आणि व्यभिचार किंवा चेटूक अशा आरोपांखाली झालेली शिक्षा. अटलांटिक किनाऱ्यावर माणसाला गिऱ्हाईक मिळू लागलं तशी न्यायव्यवस्थासुद्धा सडली. आजच्या आग्नेय नायजेरियात आरोचुक्वू इथे इबिनी उक्पाबी या देवतेचा कौल लावायला दूरदूरहून लोक येत. कौल विरुद्ध गेलेल्या माणसाला देवतेने गिळलं, असं त्याच्या घरच्यांना सांगितलं जाई. प्रत्यक्षात आरो व्यापारी त्याला परस्पर विकून टाकत.

सगळे गुलाम एकाच दर्जाचे असत का?

नाही. आजच्या घानामधल्या असांते राज्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथल्या प्रथांची नोंद बारकाईने झाली आहे.

तिथे अकोआ म्हणजे कोणाच्या तरी अधिकाराखालचा माणूस. या अर्थाने मोठा सरदारही राजाचा अकोआच. अवोवा म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेला. ओडोन्को म्हणजे बाजारात विकत घेतलेला परका, बहुधा उत्तरेकडच्या गवताळ मुलखातला, चेहऱ्यावरच्या गोंदणव्रणांवरून ओळखू येणारा. डोमुम म्हणजे लढाईत हाती लागलेला किंवा मांडलिक राज्याने खंडणीत दिलेला. आणि अक्येरे म्हणजे देहदंड ठरलेला, एखाद्या विधीत बळी देण्यासाठी राखून ठेवलेला.

अवोवा आणि ओडोन्को कदाचित एकाच शेतात, एकाच कुदळीने काम करत असतील. पण अवोवाचे मामा, भाऊ जिवंत असत. ते येऊन विचारपूस करत, आणि कर्ज फेडलं की त्याला घेऊन जात. त्याच्या कामातून नुसतं व्याज फिटे, मुद्दल तसंच राही, त्यामुळे गहाणखत वर्षानुवर्षं चाले. तरी त्याला विकण्याचा हक्क सावकाराला नव्हता. ओडोन्कोला लग्न करता येई, कमाई साठवता येई, स्वतःचा गुलामही ठेवता येई. मात्र तो मेला की ते सगळं मालकाचं, कारण त्याचा वारस म्हणून पुढे येणारं कोणी नसे.

गहाण आणि विक्री यांच्यातली ही रेषा किनाऱ्यावर पुसली गेली. आजच्या आग्नेय नायजेरियातल्या ओल्ड कलबार बंदरात इंग्रज कप्तान तिथल्या व्यापाऱ्यांना उधारीवर माल देत, आणि तारण म्हणून त्यांची मुलं-पुतणे जहाजावर ठेवून घेत. ठरलेल्या दिवसापर्यंत गुलामांचा भरणा झाला नाही की जहाज तारणासकट निघून गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

गुलाम पुढे घरातलाच होऊन जात असे म्हणतात. मग ती गुलामगिरी कसली?

या युक्तिवादात खरा भाग आहे. असांतेत "दुसऱ्याचं मूळ कोणी उघड करू नये" असा नियमच होता. गुलामाची नातवंडं घराण्याचं नाव लावत, त्याच बोलीत बोलत, आणि शेजाऱ्यांनी त्यांचा उगम चारचौघांत काढला तर तो गुन्हा ठरे. सेनेगॅम्बियातही, म्हणजे सेनेगल आणि गॅम्बिया नद्यांच्या प्रदेशात, घरात जन्मलेल्या गुलामाला सहसा विकत नसत. अमेरिकेतल्या मळ्यांवर रंगावरून पिढ्यानपिढ्या शिक्का बसला, तसं इथे नव्हतं.

पण मूळ उघड करायला बंदी घालावी लागली, यावरून ते मूळ किती लाजिरवाणं मानलं जाई हेही कळतं. वारशाचा किंवा गादीचा वाद निघाला की तीच गोष्ट कुजबुजीतून बाहेर यायची. घर कर्जात बुडालं की आधी विकला जाई तो गुलाम. मोठा माणूस मेला की त्याच्या सोबतीला धाडण्यासाठी मारला जाई तोही गुलामच. सामावून घेणं ही घराण्याची मर्जी होती, गुलामाचा हक्क नव्हता. ज्याला आज जेवायला शेजारी बसवलं त्याला उद्या विकता येत असेल, तर त्याला घरातला माणूस म्हणायला माझी तयारी नाही.

गुलामांत पुरुष जास्त की बायका?

आफ्रिकेच्या आत बायका जास्त. या इतिहासातली ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, आणि सर्वांत कमी बोलली जाणारी.

अटलांटिक पार नेलेल्यांत साधारण दोन-तृतीयांश पुरुष होते. आतल्या बाजारांत मात्र तरुण स्त्रीला सहसा पुरुषापेक्षा जास्त किंमत येई. पेरणी, खुरपणी, धान्य कांडणं, पाणी भरणं, सूत काढणं ही कामं बहुतेक भागांत बायकांचीच होती. बंड करून पळण्याची भीती त्यांच्या बाबतीत कमी मानली जाई, विशेषतः मूल झाल्यावर.

दुसरं कारण नात्यांच्या गणितात आहे. असांते समाज मातृवंशीय. तिथे पुरुषाची मुलं त्याच्या घराण्याची होत नाहीत, बायकोच्या घराण्याची होतात आणि त्यांच्यावर मामाचा हक्क चालतो. पण बायको विकत आणलेली असेल तर तिला घराणंच नाही, मुलांना मामाच नाही. मग ती मुलं पूर्णपणे बापाच्या ताब्यात. घराणं वाढवू पाहणाऱ्या पुरुषाला अशी बायको सोयीची वाटे. तिचं माहेर तोडलं गेलं होतं म्हणूनच ती सोयीची होती, हे विसरता येत नाही.

गुलाम मोठ्या पदावरही जात असत ना?

जात असत. उत्तर नायजेरियातल्या कानो अमिरातीत राजवाड्याचे गुलाम खजिना, शस्त्रागार आणि करवसुली सांभाळत, आणि जन्माने स्वतंत्र असलेले शेतकरी त्यांना घाबरून असत. राजाला हे लोक हवे असत, कारण त्यांचे भाऊबंद गादीवर हक्क सांगायला येणार नव्हते. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात लहानपणी विकला गेलेला जाजा बॉनी बंदरातल्या एका मोठ्या व्यापारी घराण्याचा प्रमुख झाला, आणि १८६९ च्या सुमारास फुटून त्याने ओपोबो हे स्वतःचं राज्य उभारलं. पामतेलाच्या व्यापारात तो इंग्रजांना डोईजड झाला तेव्हा १८८७ मध्ये त्याला पकडून हद्दपार केलं गेलं.

मराठी वाचकाला यातलं सर्वांत ओळखीचं नाव मलिक अंबर. इथिओपियात साधारण १५४८ मध्ये जन्मलेला हा मुलगा अरब बाजारांतून विकला जात बगदादमार्गे दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीजखान हा स्वतःही पूर्वी हबशी गुलामच होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, पुढे निजामशाहीचा कारभार त्याने हाती घेतला, खडकी वसवली, भातवडीची लढाई जिंकली. हे सगळं त्याच्या कर्तबगारीचं आहे. पण त्याच्याबरोबर त्याच बाजारांत उभ्या केलेल्या इतर मुलांची नावं कुठे नोंदली गेली नाहीत. गोव्यात पोर्तुगिजांनी मोझांबिकहून आणलेल्या माणसांचंही तेच.

आफ्रिकी लोकांनीच आफ्रिकी लोकांना विकलं, हे खरं का?

बंदिवानांना किनाऱ्यापर्यंत आणून विकणारे बहुतेक आफ्रिकी राजे, सरदार आणि व्यापारीच होते, हे खरं आहे. युरोपीयांना आत शिरणं जमत नव्हतं. हिवतापाने ते पटापट मरत, आणि तिथली राज्यं बलाढ्य होती. घानाच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या जागेसाठी ते स्थानिक सत्ताधीशांना भाडं मोजत. १९९९ मध्ये बेनिनचे राष्ट्राध्यक्ष मात्यू केरेकू यांनी अमेरिकेत जाऊन आफ्रिकी सत्तांच्या या सहभागाबद्दल कृष्णवर्णीयांची जाहीर माफी मागितली.

मात्र विकणाऱ्याच्या मनात "आफ्रिकी" अशी ओळखच नव्हती. दाहोमे (आजच्या बेनिन देशातलं जुनं राज्य) इथल्या सैनिकाला शेजारचा योरुबा गावकरी जितका परका, तितकाच पोर्तुगीजही. सतराव्या शतकातल्या फ्रेंच आणि जर्मन सैनिकांनी एकमेकांना "आपण सगळे युरोपीय" म्हणून सोडलं नाही, तसंच हे.

आणि सगळ्या राजांनी एकच वाट धरली नाही. काँगोचा राजा अफोन्सू पहिला याने जुलै १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. व्यापारी रोज आपल्या प्रजेला पकडून नेतात, त्यात सरदारांची मुलं आणि राजाचे नातलगही असतात, मुलूख ओस पडतो आहे, अशी त्याची तक्रार होती. त्याने विकलेला प्रत्येक माणूस खरोखर युद्धकैदी आहे का हे तपासायला अधिकारी नेमले. अफोन्सू स्वतः युद्धकैदी विकत होता. त्याचा विरोध विक्रीला नव्हता, स्वतःच्या प्रजेच्या विक्रीला होता. आजच्या नायजेरियातल्या जुन्या बेनिन राज्याच्या (आजच्या बेनिन देशाच्या नव्हे) ओबांनी, म्हणजे राजांनी, सोळाव्या शतकात पुरुष गुलामांची निर्यात थांबवली आणि ती बंदी दीर्घकाळ टिकली. याउलट दाहोमेने १७२७ मध्ये विदा बंदर जिंकलं आणि दरवर्षीच्या मोहिमा, बंदुका आणि बंदिवान यांवर राज्याचं सगळं अर्थकारण उभं केलं. बंदूक हवी तर बंदिवान हवेत, आणि शेजाऱ्याकडे बंदूक असताना आपल्याकडे नसणं म्हणजे स्वतः बंदिवान होणं, या कोंडीतून छोट्या राज्यांना बाहेर पडणं अवघड झालं.

माल फक्त युरोपचा नव्हता, हेही नोंदवायला हवं. या व्यापारात माणसांच्या बदल्यात गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड मोठ्या प्रमाणावर दिलं जाई, आणि नाणं म्हणून मालदीवच्या कवड्या.

एखाद्या माणसाच्या आयुष्यातून हे समजून घेता येईल का?

सॅम्युएल अजायी क्राउदर यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ते आजच्या नायजेरियातल्या योरुबा प्रदेशातल्या ओसोगुन गावचे. १८२१ मध्ये, बारा-तेरा वर्षांचे असताना, सकाळच्या वेळी गावावर धाड पडली. आई, बहिणी आणि लहानगं भावंड यांच्यासह झुडपांत पळताना पकडले गेले, आणि गळ्यात दोर बांधून सगळ्यांना चालवत नेलं. पुढे वाटण्या झाल्या. अजायीला एका घोड्याच्या बदल्यात दिलं. घोडा पसंत पडला नाही, म्हणून घोडा परत आणि मुलगाही परत. त्यानंतर हात बदलत गेले, कधी तंबाखू आणि दारूच्या मोबदल्यात. गोऱ्यांच्या हाती पडण्याच्या भीतीने रात्री गळा आवळून घेण्याचा विचार त्यांनी अनेकदा केला. शेवटी लागोसला पोर्तुगिजांनी विकत घेतलं. एप्रिल १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज पकडलं आणि अजायी सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरले. १८६४ मध्ये ते बिशप झाले. त्याआधी, १८४६ मध्ये, अबेओकुटात त्यांना आई पुन्हा भेटली, तब्बल पंचवीस वर्षांनी.

घोड्याची ती अदलाबदल मला या सगळ्या इतिहासातली फार बोलकी गोष्ट वाटते. तोवर त्यात एकही युरोपीय माणूस आलेला नव्हता. तरीही ते दोर शेवटी समुद्राच्याच दिशेने ओढले जात होते.

एकूण किती माणसं नेली गेली?

अटलांटिकच्या बाजूचे आकडे जहाजांच्या नोंदींमुळे बरेच पक्के आहेत. १५०१ ते १८६६ या काळात सुमारे १ कोटी २५ लाख लोक जहाजांत भरले गेले आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरले. त्यांतले जवळजवळ ४८ लाख ब्राझीलमध्ये, आणि आजच्या अमेरिकेत थेट पोहोचलेले सुमारे ३ लाख ८८ हजार. सहारा, तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर या वाटांच्या अशा सलग नोंदी नाहीत. कित्येक शतकांचे मिळून लाखोंनी गेले, एवढं नक्की. धाडीत मेलेले आणि किनाऱ्यापर्यंतच्या पायपिटीत पडलेले यांतल्या कुठल्याच आकड्यात नाहीत.

ब्रिटनने १८०७ मध्ये व्यापारावर बंदी घातल्यावर आफ्रिकेतली गुलामगिरी कमी झाली का?

उलट वाढली. जहाजं कमी झाली तशा बंदिवानांच्या किमती उतरल्या, आणि त्याच वेळी युरोपच्या कारखान्यांना पामतेल, भुईमूग, डिंक हवा होता. तो पिकवायला, वाहायला माणसं लागली, ती बाजारात स्वस्तात मिळू लागली. आजच्या उत्तर नायजेरियात सोकोतो खिलाफत १८०४ च्या जिहादनंतर उभी राहिली. तिथे गुलामांच्या वस्त्या असलेली मोठमोठी शेतं होती, आणि एकोणिसाव्या शतकात गुलामांची संख्या किमान दहा लाखांच्या घरात असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काही गुलामांना मुर्गू देऊन, म्हणजे मालकाला ठरावीक रक्कम देत राहून, स्वतःचा धंदा करता येई. पण संख्येच्या मानाने हे थोडके.

झांजिबारच्या बाजाराशी मुंबईचा संबंध होता का?

होता, आणि दोन्ही बाजूंनी होता. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने १८४० च्या सुमारास राजधानी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर हलवली. तिथे आणि पेंबा बेटावर लवंगेच्या बागा लागल्या. लवंगेची कळी उमलायच्या आत हाताने खुडावी लागते, त्यामुळे हंगामात अतोनात माणसं लागत. १८६० च्या दशकात तिथल्या बाजारात वर्षाला पंधरा ते वीस हजार माणसं आणली जात.

काफिल्यांना भांडवल पुरवणारे बरेचसे सावकार कच्छ-गुजरातचे होते. बंदराच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षं कच्छी भाटिया जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता, आणि गुलामांवरचा कर त्या जकातीतच येई. तिथल्या भारतीयांकडे स्वतःचेही गुलाम होते. ब्रिटिश प्रजा म्हणून त्यांना ते ठेवायला बंदी आहे असं सांगत १८६० मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत रिग्बी याने ते सोडवले. आपल्या व्यापारी धाडसाच्या कथा सांगताना हा भाग गाळला जातो. तो गाळू नये.

१८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर वाटाघाटीसाठी झांजिबारला गेले. सुलतान बर्गश बधला नाही. नंतर नौदलाने नाकेबंदीची धमकी दिली तेव्हा ५ जून १८७३ ला त्याने करारावर सही केली आणि बाजार बंद झाला. त्या जागी आज चर्च उभं आहे. बंद झाला तो व्यापार. झांजिबारात गुलाम बाळगण्याची कायदेशीर मुभा १८९७ पर्यंत होती.

नाशिकचं नाव यात कसं येतं?

हिंदी महासागरात पकडलेल्या गलबतांवरची सोडवलेली मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूर इथल्या मिशनच्या आफ्रिकन आश्रमात पाठवली गेली. तिथे त्यांना लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. पूर्व आफ्रिकेत ही मंडळी "बॉम्बे आफ्रिकन" म्हणून ओळखली गेली.

याओ समाजातला जेकब वेनराइट हा शरणपूरचाच. प्रसिद्ध ब्रिटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारले तेव्हा त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि त्यांचं शव शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफनाच्या वेळीही तो हजर होता.

मला त्याहून मोलाची वाटते ती विल्यम जोन्स यांची गोष्ट. नाशिकला शिकलेले जोन्स मोम्बासाजवळ राबाई इथल्या मिशनचे प्रमुख झाले. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम आसऱ्याला येत, आणि वरिष्ठांचा विरोध असतानाही ते राबाईत राहत गेले. मालकांनी हल्ल्याची भाषा सुरू केली. शेवटी जानेवारी १८८९ मध्ये ब्रिटिश कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे कागद मिळाले.

गुलामांनी आणि धाडींना तोंड देणाऱ्यांनी स्वतः काही केलं का?

खूप काही. बेनिनमध्ये कोतोनूजवळ नोकुए सरोवरात गान्व्ये हे गाव खांबांवर, पाण्यात उभं आहे. दाहोमेच्या धाडींपासून वाचायला तोफिनू लोक तिथे जाऊन राहिले. आजही हजारो लोक तिथे राहतात, बाजारसुद्धा होड्यांत भरतो. इतर ठिकाणी गावांभोवती मातीचे कोट उभे राहिले, डोंगरकपारीत वस्त्या गेल्या.

सर्वांत मोठी घटना मात्र हत्याराविना घडली. आजच्या मालीत बनाम्बा हे मराका व्यापाऱ्यांचं संपन्न गाव. भोवतीच्या शेतांत हजारो गुलाम धान्य आणि कापूस पिकवत. त्यांतले बरेच जण सामोरी तुरे या राज्यकर्त्याच्या काळातल्या लढायांत वासुलू भागातून धरून आणलेले, म्हणजे घर आठवत असलेले. १९०५ मध्ये ते गटागटाने निघाले. फ्रेंच अधिकाऱ्यांनी आधी सैन्य आणून त्यांना थांबवलं. १९०६ मध्ये ते पुन्हा निघाले, आणि या वेळी सरकारला त्यांना वाट द्यावी लागली. माणसं चालत आपल्या उजाड झालेल्या गावी परतली. पुढच्या काही वर्षांत फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत लाखो लोकांनी अशीच मालकांची घरं सोडली.

मग गुलामगिरी संपवली ती वसाहतवाद्यांनी, असं म्हणता येईल का?

अर्धवट. गुलामांच्या धाडी आणि उघडे बाजार त्यांनी मोडले, हे खरं. पण मालक असलेल्या सरदारांच्या जोरावरच त्यांना राज्य चालवायचं होतं. त्यामुळे त्यांनी बहुतेक ठिकाणी भारतातलाच १८४३ चा नमुना वापरला: गुलामाला मोकळं करायचं नाही, फक्त न्यायालयाने मालकाचा हक्क मानायचा नाही. गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना) १८७४ ला हेच झालं. उत्तर नायजेरियात ब्रिटिश प्रशासक लुगार्डने १९०१ नंतर जन्मणारी मुलं स्वतंत्र ठरवली, पण पळून आलेल्याला शेतीला जमीन मिळू नये अशी व्यवस्थाही केली. तिथे पूर्ण बंदी आली १९३६ मध्ये. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन मुक्त गुलामांसाठी वसवलेली, पण तिच्या मागच्याच मुलखात गुलामगिरी १ जानेवारी १९२८ पर्यंत कायदेशीर होती. त्याच काळात रस्ते, रेल्वे आणि मळे यांसाठी सक्तीची मजुरी चालू होती. फ्रेंच वसाहतींत ती १९४६ मध्ये बंद झाली. इथिओपिया वसाहत नव्हता; तिथे निर्णायक बंदी १९४२ ला आली.

आज काही उरलं आहे का?

उरलं आहे. नायजेरियातल्या इग्बो समाजात देवाला वाहिलेल्या माणसांच्या वंशजांना ओसू म्हणतात. हा भेद १९५६ च्या कायद्याने रद्द झाला, तरी लग्नं त्यावरून अजून मोडतात. मॉरिटानियाने गुलामगिरी १९८१ मध्ये रद्द केली, तिला गुन्हा ठरवलं २००७ मध्ये आणि २०१५ मध्ये शिक्षा वाढवली. तिथले हरातीन, म्हणजे पूर्वीच्या गुलामांचे वंशज, जमीन आणि ओळखपत्रासाठी अजून झगडत आहेत.

नायजरमधला खटला प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. हदीजातू मानी हिला १९९६ मध्ये, बाराव्या वर्षी, २ लाख ४० हजार सीएफए फ्रँकना वहाया म्हणून विकलं गेलं. वहाया म्हणजे लग्नाच्या चार बायकांशिवाय घरात ठेवलेली, राबायला आणि शय्येला बांधलेली बाई. २००३ मध्ये नायजरने गुलामगिरीला गुन्हा ठरवलं. २००५ मध्ये मालकाने तिला मुक्ततेचा कागद दिला, आणि ती निघाली तेव्हा "ही माझी बायको आहे" असा दावा केला. तिने दुसऱ्या माणसाशी लग्न केलं, तर न्यायालयाने दोन नवरे केल्याच्या आरोपाखाली तिलाच तुरुंगात पाठवलं. ती पश्चिम आफ्रिकी देशांच्या संयुक्त न्यायालयात गेली. २७ ऑक्टोबर २००८ ला त्या न्यायालयाने निकाल दिला की नायजर सरकार तिला गुलामगिरीपासून वाचवू शकलं नाही, आणि तिला १ कोटी सीएफए फ्रँक भरपाई द्यावी. पुढच्या वर्षी सरकारने ती रक्कम दिली.